शंभर वर्षांत सफरचंदातलं लोह खरंच पंचवीस पटीनं घटलं का?

ओंबी

एक तक्ता वर्षानुवर्षं फिरतोय. सफरचंदातलं लोह १९१४ साली ४.६ मिग्रॅ, १९९२ साली ०.१८. स्फुरद (फॉस्फरस) ४५.२ वरून ७. मॅग्नेशियम २८.९ वरून ५. कॅल्शियम १३.५ वरून ७. खालचा निष्कर्ष ठरलेला: माती संपली. त्याच्याही खाली बऱ्याचदा पूरक गोळ्यांची जाहिरात.

आकडे फक्त वाचू नका, एकमेकांना भागून बघा. स्फुरद साडेसहा पट घटलेलं, मॅग्नेशियम पावणेसहा पट. सफरचंदात पाणी साधारण ८५ टक्के, म्हणजे १०० ग्रॅममध्ये कोरडा भाग १५ ग्रॅम. १०० भागिले १५ केलं तर ६.७ येतात. दोन वेगवेगळी मूलद्रव्यं जवळपास याच पटीत घटलेली दिसावीत, हा योगायोग फार सोयीचा आहे. जुना आकडा कोरड्या वजनावरचा आणि नवा ताज्या फळाचा असावा, असा दाट संशय येतो.

पण कॅल्शियम या हिशेबात बसत नाही, ते निम्म्यावरच आलंय. आणि लोह तर पंचवीस पट. म्हणजे त्या तक्त्यात एकापेक्षा जास्त गोंधळ आहेत.

धागा त्यासाठीच. वनस्पतिजन्य अन्नातली खनिजं काळानुसार बदलतात का, किती, कशामुळं, आणि असा तक्ता समोर आला तर आधी काय तपासायचं? 'पूर्वी चव वेगळी होती' हा प्रतिसाद कृपया नको. चव साखर, आम्लं आणि सुगंधी द्रव्यांवर ठरते, जस्ताचा त्यात हात नाही.

कोरडंवजन

पाण्याचा मुद्दा आलाच आहे तर नीट मांडतो, कारण पालेभाज्यांत तो सगळ्यात जास्त फसवतो.

पालकाचे दोन नमुने घ्या. दोन्हींच्या कोरड्या भागात कॅल्शियम १.१ टक्का, अगदी सारखं. पहिल्यात पाणी ९१ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम ताज्या पानात कोरडा भाग ९ ग्रॅम आणि कॅल्शियम ९९ मिग्रॅ. दुसरा भरपूर पाणी दिलेल्या प्लॉटमधून सकाळी लवकर तोडलेला, पाणी ९२.५ टक्के. कोरडा भाग ७.५ ग्रॅम, कॅल्शियम ८२.५ मिग्रॅ. पाण्यात फरक दीड टक्क्याचा आणि मथळा '१७ टक्के कॅल्शियम गायब'.

उलटंही होतं. ९१ टक्के पाण्याचा पालक सुकून ८८ टक्क्यांवर आला की १०० ग्रॅमचे ७५ ग्रॅम होतात. आता प्रत्येक १०० ग्रॅममागं कॅल्शियम ९९ ऐवजी १३२. पान म्लान झालं, कॅल्शियम जागच्या जागी आहे, आकडा मात्र एक तृतीयांशानं चढला.

म्हणून नियम असा: ओलाव्याचा रकाना नसेल तर पालेभाजीच्या तुलनेचा विचारच करू नका. धान्यात हा त्रास कमी, कारण साठवलेलं धान्य बहुतेक १० ते १४ टक्के ओलाव्याच्या पट्ट्यात असतं आणि त्यातून पडणारा फरक चार-पाच टक्क्यांच्या पुढं जात नाही.

मफलभट्टी

लोहाचा पंचवीस पट फरक पाण्यानं समजत नाही, पण धुळीनं बराचसा समजतो.

मातीत लोह साधारण ३ ते ४ टक्के असतं, म्हणजे किलोमागं ३०,००० ते ४०,००० मिग्रॅ. गव्हाच्या दाण्यात किलोमागं ३५ मिग्रॅच्या आसपास. आता नमुन्यात ०.१ टक्का माती शिल्लक राहिली असं धरा, ग्रॅममागं एक मिलिग्रॅम. डोळ्यांना दिसणारही नाही. तेवढ्या मातीतून किलोमागं ३० ते ४० मिग्रॅ लोह आलं, म्हणजे दाण्याचा आकडा दुप्पट! सफरचंदासारख्या मुळात नगण्य लोहाच्या फळात हीच धूळ आकडा कितीतरी पट फुगवते.

जस्ताचं असं होत नाही. मातीत एकूण जस्त किलोमागं ५०-६० मिग्रॅ, धान्यात २५-३५. तेवढ्याच धुळीनं जस्ताच्या आकड्याला काही होत नाही. त्यामुळं एखाद्या जुन्या तक्त्यात लोह प्रचंड आणि जस्त नेहमीसारखं दिसलं तर आधी धुळीवर बोट ठेवायचं. आज ज्यांना काळजी घ्यायची असते ते त्याच नमुन्यात ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमही मोजतात. पीक ही दोन्ही फार कमी उचलतं, मातीत मात्र भरपूर असतात. ती वर गेली की लोहाचा आकडा बाद.

तांब्याची गोष्ट वेगळी. जुन्या काळी बागांवर मोरचूद-चुन्याची फवारणी सर्रास होती, शिवाय भांडी आणि दळणयंत्राचे भाग तांब्या-पितळेचे. ते तांबं झाडानं उचललेलं नव्हतं, वरून लागलेलं होतं. ते गेलं याचं दुःख कशाला?

मोजण्याच्या पद्धती तर पूर्ण बदलल्या. कॅल्शियमचा ऑक्झलेट साका पाडून परमँगनेटनं टायट्रेशन, लोहासाठी थायोसायनेटचा लाल रंग डोळ्यांनी किंवा रंगमापकावर जुळवणं, असा तो जमाना. अणुशोषण पद्धत (मूलद्रव्याच्या अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून मोजणं) ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडली, आयसीपी (अतितप्त प्लाझ्मात अनेक मूलद्रव्यं एकदम मोजणारी पद्धत) त्यानंतर आली. जुनी माणसं हातानं उत्तम काम करायची, कॅल्शियम-स्फुरदाचे त्यांचे आकडे बऱ्यापैकी टिकतात. पण १०० ग्रॅममागं एक मिग्रॅच्या खाली असणाऱ्या लोह-तांब्यात गाळणकागद, आम्ल, काचेचं भांडं, सगळ्यांतून भर पडायची.

हिरवादेठ

वरचं सगळं मान्य, पण 'सगळा पाण्याचा आणि धुळीचा खेळ' म्हणून विषय झटकू नका. डेव्हिस, एप आणि रिओर्डन यांचा २००४ चा अभ्यास ओलाव्याचा हिशेब करूनच झालेला आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या १९५० आणि १९९९ च्या तक्त्यांतली ४३ बागायती पिकं घेतली, १३ पोषकद्रव्यं तपासली. मध्यक घट अशी: प्रथिनं ६ टक्के, स्फुरद ९, लोह १५, कॅल्शियम १६, क जीवनसत्त्व २०, रायबोफ्लेविन ३८.

फॉरवर्डमध्ये इथवरच येतं. पुढचं वाक्य कापलेलं असतं: उरलेल्या सात पोषकद्रव्यांत गट म्हणून खात्रीनं सांगता येईल असा बदल सापडला नाही. शिवाय ही मध्यकं आहेत. एकेक पीक बघितलं तर काहींत वाढ आहे, काहींत मोठी घट.

त्याआधी १९९७ मध्ये ॲन-मरी मेयर यांनी ब्रिटनचे १९३० च्या आणि १९८० च्या दशकातले तक्ते समोरासमोर ठेवले होते, २० भाज्या आणि २० फळं. भाज्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, तांबं, सोडियम घटलेलं. फळांत मॅग्नेशियम, लोह, तांबं, पालाश (पोटॅशियम). स्फुरदात लक्षणीय बदल नाही.

माझं मत: १०-२० टक्क्यांच्या पट्ट्यातली घट विचारात घेण्याजोगी आहे. ८०-९० टक्क्यांचा आकडा दिसला की मोजणाऱ्याकडं बघायचं, भाजीकडं नाही.

पोटरी

जुन्या तक्त्याशी नवा तक्ता जुळवण्यात अडचण अशी की वाण, माती, हवामान, पद्धत सगळंच एकदम बदललेलं असतं. पण जुना दाणाच हातात असेल आणि तो आजच्या यंत्रावर मोजता आला तर? खनिजं साठवणीत विघटित होत नाहीत. बाटली बंद असेल तर १८५० चा दाणा आजही त्याच्यातलं जस्त जसंच्या तसं सांगतो.

असा दाणा इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला आहे. लॉस आणि गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला, तो आजही चालू आहे आणि दाण्याचे, पेंढ्याचे, मातीचे नमुने जपून ठेवलेत. २००८ मध्ये ते मोजून प्रसिद्ध झालं. १८४५ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जस्त, लोह, तांबं, मॅग्नेशियम जवळपास स्थिर. त्यानंतर सगळ्यांत उतार. हा उतार बुटके, जास्त उतारा देणारे वाण आले त्याच सुमारास सुरू होतो. त्याच शेतातल्या मातीत ही मूलद्रव्यं घटलेली नाहीत, काही तर वाढलीत. आणि हाच कल शेणखताच्या प्लॉटमध्ये, रासायनिक खताच्या प्लॉटमध्ये आणि अजिबात खत न दिलेल्या प्लॉटमध्येही दिसतो. 'माती संपली' आणि 'रासायनिक खतानं मारलं' ही दोन्ही लाडकी उत्तरं या एका शेतात अडखळतात.

मग कारण काय? बुटक्या वाणात पेंढा कमी, दाणा जास्त. पानांत आणि ताटात साठलेलं जस्त-लोह जास्त पिष्टावर वाटलं जातं. हिशेब असा करून बघा: हेक्टरी उतारा २ टनांवरून ४ टन झाला, पिकानं दाण्यात आणलेलं जस्त ७० ग्रॅमवरून ११२ ग्रॅम झालं. शेतातून जस्त ६० टक्के जास्त आलं, तरी किलोमागं ३५ मिग्रॅचे २८ झाले. याला विरलीकरणाचा परिणाम म्हणतात. जॅरेल आणि बेव्हर्ली यांनी १९८१ मध्येच त्याची नीट मांडणी केली होती.

दुसरा धागा दाणा भरण्याच्या काळाशी जोडलेला आहे. पान पिवळं पडताना त्यातलं नत्र, जस्त, लोह सुटून दाण्याकडं जातं. रानटी एमर गव्हातलं एनएएम-बी१ हे जनुक हे पिवळं पडणं लवकर घडवतं आणि दाण्यात प्रथिनं, जस्त, लोह वाढवतं. लागवडीतल्या बहुतेक गव्हांत त्याची निकामी प्रत आहे. २००६ च्या प्रयोगात या कुटुंबातल्या जनुकांचं काम दाबलं तेव्हा पानं तीन आठवड्यांहून जास्त हिरवी राहिली आणि दाण्यातली प्रथिनं, जस्त, लोह ३० टक्क्यांहून जास्त घटली. शेवटपर्यंत हिरवंगार दिसणारं शेत म्हणजे भरलेला दाणा, पण खनिजांनी भरलेला असेलच असं नाही.

चाळण

@पोटरी, एक शेत म्हणजे जग नाही. मातीचं प्रकरण इतक्या सहज मिटवू नका.

पायाखालचीमाती

चाळण, मुद्दा बरोबर. पण मातीबद्दल बोलायचं तर 'एकूण' आणि 'उपलब्ध' हे दोन शब्द वेगळे ठेवूनच बोलावं लागेल.

एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंमी थर साधारण २,००० टन भरतो. लोह ३ टक्के धरलं तर त्यात ६० टन लोह. पाच टन गहू नेतो १७५ ग्रॅम. मातीतलं लोह 'संपायला' किती पिकं लागतील ते प्रत्येकानं करून बघावं. १९३६ चा अमेरिकी सिनेटचा २६४ क्रमांकाचा दस्तऐवज 'माती संपली'चा सरकारी पुरावा म्हणून दाखवतात. तो एका मासिकातला लेख आहे. एका सिनेटरच्या विनंतीवरून कामकाजात छापला गेला, इतकंच. त्यात मोजमाप नाही.

जस्ताचं गणित मात्र जास्त तंग आहे. एकूण ५० मिग्रॅ धरलं तर हेक्टरी १०० किलो, आणि पाच टन गहू नेतो सुमारे १५० ग्रॅम. इथवर ठीक. पण मुळांना मिळणारा भाग फार छोटा. तो मोजायला डीटीपीए (धातूंना पकडून द्रावणात आणणारं रसायन) पद्धत वापरतात, लिंडसे आणि नॉर्वेल यांची १९७८ ची: १० ग्रॅम माती, २० मिली द्रावण, पीएच ७.३, दोन तास हलवायचं, गाळायचं, मोजायचं. किलोमागं ०.६ मिग्रॅच्या खाली आलं तर जस्ताची कमतरता धरतात. ०.६ म्हणजे हेक्टरी फक्त १.२ किलो! मोठ्या साठ्यातून ते हळूहळू भरून येतं, पण चुनखडीच्या, चढ्या पीएचच्या जमिनीत भरून येण्याचा वेग पिकाच्या गरजेला पुरत नाही. त्यात स्फुरद खत सैल हातानं टाकलं की मुळांवरची मित्रबुरशी मागं हटते आणि जस्ताची उचल आणखी घटते.

या चाचणीत एक चूक नेहमी होते: नमुना जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी घमेल्यात गोळा करणं किंवा तसल्याच चाळणीतून चाळणं. ०.४ चं १.५ व्हायला तेवढं पुरतं. प्लास्टिकची बादली, नायलॉनची चाळणी.

सेलेनियम हे तर सरळसरळ मातीचंच प्रकरण आहे. तिथं वाणापेक्षा ठिकाण ठरवतं. फिनलंडच्या मातीत उपलब्ध सेलेनियम इतकं कमी की १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तिथं खतातच ते मिसळतात आणि धान्य-दुधातला आकडा लगेच चढला. हे बघून घरच्या घरी सेलेनियम टाकायला जाऊ नका. गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं आहे.

हिरवादेठ

हवेतला कार्बन डायऑक्साइड राहिला. औद्योगिक काळाआधी २८० पीपीएम, आता ४२० च्या वर. उघड्या शेतात नळ्यांच्या कड्यांतून वायू सोडून ५४६ ते ५८६ पीपीएमवर वाढवलेल्या पिकांचे आकडे २०१४ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले: गव्हात जस्त ९.३ टक्के कमी, लोह ५.१ टक्के कमी. मका-ज्वारीच्या प्रकारच्या, म्हणजे सी-४ पिकांवर परिणाम कमी. त्याच वर्षी लोलाद्झे यांनी पुष्कळ प्रयोग एकत्र करून सरासरी ८ टक्के घट दाखवली. कारणांत पिष्ट जास्त तयार होणं आहे, आणि पानांची छिद्रं अंशतः मिटल्यानं पाणी कमी ओढलं जाणं, म्हणजे मुळांपर्यंत विरघळून येणारी खनिजं कमी होणं, हेही आहे.

देठकापी

धाग्यात 'काळ' म्हणजे फक्त दशकं धरली जातायत. एका फळाच्या आयुष्यातही हा आकडा खूप हलतो.

कॅल्शियम फक्त पाण्याबरोबर, मुळांकडून वर चढतं. जिथून बाष्पीभवन जास्त तिथं जास्त पोचतं, आणि एकदा बसलं की पानातून दुसरीकडं जवळजवळ हलत नाही. म्हणून कोबीचं बाहेरचं हिरवं पान कॅल्शियमनं भरलेलं आणि आतला पांढरा गड्डा गरीब. पालाश, मॅग्नेशियम, स्फुरद अन्नरसाबरोबर हवं तिकडं जातात.

सफरचंदात कॅल्शियम पाकळ्या गळल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत भराभर येतं. पुढं फळ फुगतं, साखर-पाणी येतं, कॅल्शियमची आवक मंदावते. फळाचं वजन चौपट होतं तेव्हा कॅल्शियम चौपट होत नाही. म्हणून त्याच झाडावरचं मोठं फळ लहान फळापेक्षा १०० ग्रॅममागं कॅल्शियमनं गरीब, आणि गरावर तपकिरी कडू ठिपके पडायचं प्रमाणही मोठ्या फळांत जास्त. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेही याच जातीतलं. तिथं मातीत कॅल्शियम ओतून क्वचितच फरक पडतो. पाणी एकदा कोरडं, एकदा तुडुंब असं दिलं जातं, ते आधी सुधारायचं.

तक्ते जुळवताना याचा उपयोग असा: १९३० च्या दशकातलं फळ आणि आजचं फळ यांच्या आकारात फरक असेल तर मातीला हात न लावताच कॅल्शियमची घट समजते. ओंबी यांच्या तक्त्यातलं निम्मं कॅल्शियम कदाचित इथं गेलं असेल.

चाळण

आणि स्वयंपाकघरात? तोडल्यापासून ताटापर्यंतच्या काळाचं काय?

कोरडंवजन

चाळण, इथं मोठी रक्कम आहे आणि तिच्याकडं कुणी बघत नाही.

साठवणीत खनिजं नष्ट होत नाहीत. क जीवनसत्त्वासारखी ती दिवसागणिक उडून जात नाहीत. उष्णतेनंही नाही. जातात ती दोन वाटांनी: पाण्यात उतरून आणि कोंड्याबरोबर.

उकळून पाणी ओतलं की पालाशला सगळ्यात जास्त फटका, बारीक चिरलेल्या भाजीत निम्म्यापर्यंत. मॅग्नेशियम त्याच्या मागोमाग. कॅल्शियम आणि लोह पेशीभित्तिकेत किंवा न विरघळणाऱ्या क्षारांत अडकलेलं असल्यानं बरंचसं टिकतं. चिरण्याआधी धुवा, कमी पाणी वापरा, वाफवा, नाहीतर ते पाणी वापरा. ज्यांना मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पालाश कमी करायला सांगितलंय ते मुद्दाम याच्या उलट करतात.

कोंडा: अखंड गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागं लोह ३.६ मिग्रॅ, जस्त २.६ च्या आसपास. काही न मिसळलेल्या पांढऱ्या मैद्यात लोह १.२, जस्त ०.७. म्हणजे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश चाळणीवर राहिलं. दीडशे वर्षांच्या वाणबदलानं जे गेलं त्याच्या कितीतरी पट एका दळणात जातं.

मफलभट्टी

पण कोंड्याबरोबर फायटेटही (जस्त-लोहाला बांधून ठेवणारं बियांतलं स्फुरदाचं संयुग) येतं, ते लिहिल्याशिवाय हा हिशेब पुरा नाही. पोटात गेलेलं जस्त शोषलं जाईल का याचा अंदाज मोल-गुणोत्तरानं घेतात: फायटेटचे मिग्रॅ भागिले ६६०, जस्ताचे मिग्रॅ भागिले ६५.४, आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर १५ च्या वर गेलं तर शोषण कमी.

समजा १०० ग्रॅम पिठात फायटेट ८०० मिग्रॅ, जस्त २.८. उत्तर २८. तेच पीठ आंबवून फायटेट ३०० वर आणलं तर ११ च्या खाली. जस्त तेवढंच, हाती लागणारं जास्त. आंबवणात पीएच ५ च्या आसपास उतरला की धान्यातलंच फायटेज विकर कामाला लागतं. मोड आणण्यातही हेच. 'मोड आले की खनिजं वाढतात' हे मात्र खरं नाही. बी श्वसनात थोडं पिष्ट जाळतं, कोरडं वजन घटतं, म्हणून कोरड्या वजनावरचा टक्का वर दिसतो. पुन्हा तोच भागाकार.

ओंबी

धागा छान भरला. आता ज्यांना खरंच दोन वाणांची तुलना करायची आहे त्यांच्यासाठी नमुना काढण्यापासून मोजण्यापर्यंतची रीत कुणी टाकेल का?

मफलभट्टी

जुना आणि नवा वाण एकाच शेतात, एकाच हंगामात, निदान चार पुनरावृत्तींत, सोडतीनं ठरवलेल्या जागी. दोन वेगळ्या वर्षांची तुलना करायची असेल तर सुरुवातच करू नका.

प्रत्येक प्लॉटमधून अर्धा किलो दाणा, ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं ५० ग्रॅमपर्यंत. पालेभाजी असेल तर आयनमुक्त पाण्यात काही सेकंद बुडवून काढा. जास्त वेळ ठेवली तर पालाश निघून जातो, न धुता घेतली तर धूळ राहते. ताजं वजन तोडल्याबरोबर घ्या. ६५-७० अंशांवर ४८ तास, वजन स्थिर होईपर्यंत. साखरेची फळं १०५ अंशांवर टाकलीत तर करपतात आणि 'पाण्या'त साखरेचं विघटनही मोजलं जातं. ती ७० अंशांवर, निर्वातात.

दळण स्टीलच्या पात्यात नको, लोह आणि क्रोमियम मिसळतं. अगेट किंवा झिरकोनियाचा खल. हातमोजे पावडरवाले नकोत, त्यातून जस्त येऊ शकतं.

०.५ ग्रॅम पूड, ६ मिली संहत नायट्रिक आम्ल, २ मिली ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. आम्ल घातल्यावर झाकण लगेच लावू नका, फेस निवू द्या. पिष्टमय पूड घाईनं बंद केली तर दाब उसळतो. मायक्रोवेव्ह पाचकात १८०-२०० अंशांवर १५-२० मिनिटं, पूर्ण थंड झाल्यावरच धूरकक्षात उघडायचं, ५० मिलीला भरायचं.

भट्टीत राख करत असाल तर ४५० ते ५०० अंश. ५५० च्या वर पालाश उडायला लागतो आणि काही मूलद्रव्यं सिलिकेटमध्ये अडकतात. ज्वालेवर कॅल्शियम मोजताना लँथेनम घाला. नाही घातलं तर स्फुरद कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि आकडा कमी येतो.

प्रत्येक फेरीत दोन ब्लँक (पूड न घालता नुसती रसायनं) आणि एक प्रमाणित नमुना, म्हणजे ज्यातले आकडे आधीच पक्के माहीत आहेत असा. अमेरिकेच्या मानक संस्थेची, एनआयएसटीची, सफरचंदाची पानं, क्रमांक १५१५, त्यात लोह किलोमागं ८३ मिग्रॅच्या आसपास, कॅल्शियम दीड टक्क्याच्या जरा वर. तुमच्या हाती लोह ६५ आलं तर तुमच्या गव्हाचा आकडाही तेवढ्यानं कमी आहे, वाण नव्हे. तळाशी पांढरा सिलिकाचा गाळ दिसला तर त्यात थोडं लोह अडकलेलं असू शकतं.

चाळण

आणि वाण न बदलता दाण्यातलं जस्त वाढवायचं असेल तर?

पायाखालचीमाती

जमिनीतून दिलेलं झिंक सल्फेट कमतरतेच्या जमिनीत उतारा वाढवतं, दाण्यातला आकडा त्यामानानं कमी हलतो. दाण्यासाठी पानांवर फवारा लागतो: ०.५ टक्के झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट, एकदा पीक पोटरीत (ओंबी बाहेर पडण्याआधी) असताना आणि एकदा दाणे चिकात असताना. नुसती लवकरची फवारणी केली तर उताऱ्याला मदत होते, पण दाण्याचं जस्त मुख्यतः नंतरच्या फवारणीनं वाढतं. संध्याकाळी मारा, दुपारी पानाची टोकं करपतात. स्फुरदयुक्त विद्राव्य खत त्याच टाकीत घालू नका, झिंक फॉस्फेटचा साका बसतो आणि नोझल तुंबतं. नत्र पुरेसं असेल तर उचल चांगली होते, कारण दाण्यात जस्त आणि प्रथिनं बरोबरीनं जातात.

लोहाला हा उपाय फारसा लागू पडत नाही. पान हिरवं होतं, दाणा जवळपास तसाच राहतो.

आणि फवारलेल्या पिकाचा नमुना प्रयोगशाळेत देताना ओंबीची तुसं-फोलं पूर्ण काढा. वर सुकलेलं सल्फेट तसंच मोजलं गेलं तर तुमचाही एक तक्ता फिरायला लागेल.